टोपलीखालचं पीठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही, आणि ताईला तर नाहीच. खरं म्हणजे तिलाच सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही कधी माझ्या ताईच्या दारात उभे राहणार नाही. परक्या माणसाजवळ मन मोकळं करणं सोपं असतं म्हणतात. तसं काही नाही हो. सकाळपासून दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. चहा केला, कुलरमध्ये पाणी भरलं, सायकलच्या चेनला तेल घातलं. एखादी गोष्ट टाळायची असली की माणूस किती कामसू होतो.

गोष्ट घराची आहे. म्हणजे वाटणीची. वाटणी म्हटलं की तुम्हाला वाटेल, यानं बहिणीचा हिस्सा खाल्ला असेल, नाही तर खोटी सही केली असेल. नाही, तसलं काही केलं नाही. ताईला तिचा हिस्सा चोख मिळाला. दुर्गला जाऊन कागद रीतसर झाले, सह्या सगळ्यांच्या खऱ्या आहेत. कागदावर मी स्वच्छ माणूस आहे. मी फक्त — थांबा. एकदम नाही सांगता येत. आधी घर सांगतो.

बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये होते, कोक ओव्हनच्या भट्टीवर. गाव गोंदियाकडचं, धानाचं. शेतावर पोट भरेना म्हणून भिलाईला आले आणि सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं वाढलो — पुष्पाताई मोठी, मग दादा, मग मी. आई कामात असायची, म्हणून मी ताईच्याच कडेवर मोठा झालो. क्वार्टर कंपनीचं असतं, नोकरी संपली की सोडायचं असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून बाबांनी जामुलच्या वाटेवर प्लॉट घेतला आणि ऑफच्या दिवशी स्वतः विटांवर पाणी मारत घर उभं केलं. तीन खोल्या, मागे अंगण, अंगणात सीताफळ. समोरच्या रस्त्यानं सिमेंटचे ट्रक जात. दारं-खिडक्या कितीही लावा, फरशीवर पांढरट धूळ बसायचीच. सकाळी झाडलं की दुपारी पुन्हा आहेच. कोण कुठल्या खोलीतून कुठे गेलं ते फरशीवर लिहिल्यासारखं दिसायचं. आई म्हणायची, या घरात चोरी करायची सोय नाही.

ताईचा नवरा तिला दिवस गेलेले असताना माहेरी सोडून गेला, तो न्यायला आलाच नाही. चिमी त्याच घरात जन्मली. त्या धुळीत मुद्दाम पाय आपटत फिरायची, खोलीभर पावलं उमटवायची, आणि ताई मागून झाडू घेऊन. चौथं वर्ष लागलं असेल. ताप आला, डोक्यात गेला. समोरच्या खोलीत, ताईच्या मांडीवर गेली. एवढ्या लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. दहावं नाही, तेरवी नाही. घरी येऊन आंघोळी करायच्या, बस. मीही तोवर प्लांटमध्येच लागलो होतो; दुसऱ्या दिवशी दुपारच्या बी शिफ्टला गेलोसुद्धा. आता वाटतं — कसा गेलो असेन?

त्यानंतर ताईनं ते घर कधी रात्रीपुरतंही सोडलं नाही. लग्नकार्याला आमच्याकडे आली तरी दिवेलागण व्हायच्या आत जामुलकडची बस धरायची. म्हणायची, "घर एकटं हाय." अगं, बाबा आहेत ना घरी? आई होती तेव्हा आईही होती. तरी तिचं तेच — घर एकटं हाय. आम्ही हसायचो. दादा म्हणायचा, ताईचं डोकं त्या धुळीनं भरलंय. मीही हसलो आहे, खोटं कशाला सांगू.

आधी आई गेली, मग काही वर्षांनी बाबा. तेही समोरच्याच खोलीत. आणि अजून सुतक फिटलं नव्हतं तर आमचं भांडण सुरू झालं.

दादाचं रायपूरला दुकान आहे. त्याच्याकडे गिऱ्हाईक तयार होतं, गोदामासाठी जागा बघणारं. त्याचं म्हणणं, आज विकलं तर विकलं, उद्या कोण विचारतो? मलाही विकायचंच होतं. माझी नोकरी संपत आली होती, क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि बायकोनं रिसालीकडे एक फ्लॅट बघून ठेवला होता. ताई म्हणायची, मी कुठं जाऊ? आम्ही म्हणायचो, तुझा हिस्सा घे, कुठेही छान खोली घे, नाही तर सहा महिने दादाकडे राहा, सहा महिने माझ्याकडे. ती मान हलवायची. दादा चिडून म्हणाला, मग होऊ दे दुर्गच्या कोर्टात. आणि मी? मी वरवर समजूत घालत होतो आणि आतून पेटलो होतो. बाबा आयुष्यभर म्हणत आले, पुष्पाचं घर, पुष्पाचं घर. घरात बसून राहिलं की घर आपलं होतं का? विटा तर मीसुद्धा उचलल्या होत्या. तिनं मला कडेवर वाढवलं हे तेव्हा आठवलं नाही. आपल्या सोयीचं तेवढंच आठवतं.

आता मामा. आईचे धाकटे भाऊ, गावाकडून दहाव्याला आलेले. पंचायतीत बसून भांडणं मिटवलेला माणूस. त्यांनी दोन दिवस आमचं ऐकून घेतलं. दहाव्याच्या संध्याकाळी पीठ पसरायचं होतं.

तुमच्याकडे ही रीत असेल-नसेल, म्हणून सांगतो. माणसानं जिथे प्राण सोडला ती जागा शेणानं सारवायची, तिथे तांदळाचं पीठ चाळणीनं पातळ पसरायचं, वर टोपली पालथी घालायची, शेजारी दिवा ठेवायचा. रात्रभर त्या खोलीत कुणी जायचं नाही. सकाळी टोपली उचलायची आणि पिठात काय उमटलंय ते बघायचं. पक्ष्याचं पाऊल दिसलं तर पक्ष्याच्या जन्माला गेला, गाईचा खूर दिसला तर गाईच्या. बहुतेक वेळा काही दिसत नाही आणि म्हातारी माणसं काहीतरी बघतात. आईच्या वेळी मामांना चिमणी दिसली होती. मला नुसतं पीठ दिसलं होतं.

तर मामांनी ताईकडून चाळणी घेतली, पीठ पसरलं, टोपली घातली, आणि तिथेच बसून म्हणाले, "तुमी तिघं भांडून राहिले अन् तुमचा बाप अजून उंबऱ्यातच उभा हाय. आता त्यालेच इचारू. सकाळी खूण दाराकडं गेलेली दिसली, तर तो घर सोडून गेला, तुमी घर विका. खूण आतमंदी आलेली दिसली, तर घर राहीन अन् पुष्पा त्यात राहीन. मंग कोणी कोर्टाचं नाव काढाचं नाही."

दादा हिंदीत पुटपुटला, "मामा, आजकल ये सब कौन मानता है." पण मामांनी त्याच्याकडे पाहिलं. दिव्यावर हात धरून त्यानं कबूल म्हटलं. मी म्हटलं. ताईनं सगळ्यांत शेवटी हात धरला, आणि तिचा चेहरा — तिला खात्री होती हो. इतके दिवस पडलेला चेहरा एकदम शांत झाला होता. तिला ठाऊक होतं, खूण आतच येणार. तिची ती खात्री बघूनच माझ्या डोक्यात ते आलं. तिला हरण्याची भीती असती तर कदाचित मी काही केलं नसतं. कदाचित.

मागच्या अंगणात पंगत बसली. मामांनी मला सांगितलं, जा, दिव्यात तेल घालून ये, आज कोणी गेलं नाही पायजे, पण तू घरचा हाय, तेल घाल अन् लगेच ये. मी तेलाची वाटी घेऊन आत गेलो. बाहेर वाढप्यांचा आवाज, पातेल्यांचा आवाज. खोलीत मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. ट्रकसुद्धा जात नव्हता. दिव्यात तेल घातलं. मग टोपली उचलली, हातानं पीठ सारखं केलं, आणि खूण काढली.

कशी काढली ते तुम्ही ओळखलं असेल. महालक्ष्म्यांना आई उंबऱ्यापासून देवापर्यंत पिठाची पावलं काढायची. मूठ वळायची, करंगळीकडची बाजू टेकवायची, की तळवा झाला. वर बोटांची टोकं टेकवली की बोटं झाली. लहानपणी ते काम आमच्याकडे असायचं. आई सारखी बजावायची, पावलं आत येणारी काढा रे, बाहेर जाणारी कधी काढू नका. मी त्या संध्याकाळी बाहेर जाणारं काढलं. दाराकडे बोटं. एकच. टोपली झाकली, हात धोतराला पुसले, आणि बाहेर येऊन पानावर बसलो. वरण-भात जेवलो. दुसऱ्यांदा वाढून घेतला.

झालं, सांगितलं. पण तुम्हाला वाटतंय तेवढंच नाही.

सकाळी सगळे खोलीच्या दाराशी जमलो. मामांनी टोपली उचलली. या वेळी काही कल्पना करायची गरजच नव्हती. स्वच्छ पाऊल होतं. मामाच घाबरले. आयुष्यभर पिठात चिमण्या पाहणारा माणूस, खरंच काही दिसलं तेव्हा मागे सरकला. मग सावरून म्हणाले, माणसाचा जन्म मिळाला, लेकराचं पाऊल हाय, अन् दाराकडं हाय. दादानं सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

ताई पुढे झाली आणि गुडघ्यांवर बसली. बराच वेळ बघत राहिली. मग पाऊल जिथे संपतं तिथे, करंगळीच्या जागेवर, पिठाला न लावता बोट धरलं.

"हे बाबाचं नाही," ती म्हणाली. "हे माह्या चिमीचं हाय. पाहा ना, तिची करंगळी टेकत नोहोती."

तेव्हा मी नीट पाहिलं. पावलाला करंगळीच नव्हती. अंगठा होता, तीन बोटं होती, आणि करंगळीच्या जागी कोरं पीठ.

त्याचं कारण माझ्या हातात आहे. माझ्या उजव्या हाताची करंगळी प्लांटच्या मिलमध्ये काम करताना यंत्रात सापडली होती. तुटली नाही, पण ताठ झाली. मी पाच बोटं टेकवतो तेव्हा ती वरच राहते. घाईत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणि चिमीच्या उजव्या पायाची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढलेली होती. ती धुळीतून चालली की प्रत्येक पावलात तेवढी जागा रिकामी सुटायची. वीस वर्षं होऊन गेली होती. मी ते साफ विसरलो होतो. ताई कशी विसरणार? तिनं तीच पावलं दिवसातून दोनदा झाडली होती.

मी हात पंच्याखाली घेतला. त्याच करंगळीला ताईनं महिनोन् महिने तेल चोळलं होतं, सरळ झाली तर झाली म्हणून. तिनं त्या क्षणी माझ्या हाताकडे पाहिलं का? मी किती वेळा आठवून बघितलंय. चोराच्या मनात चांदणं. नाही पाहिलं तिनं. पाहिलं असतं आणि ओळखलं असतं तर आज मी किती मोकळा असतो. मला शिव्या देऊन ती घरात राहिली असती. पण ती पिठाकडेच बघत होती आणि हसत होती. म्हणाली, "बाबाचं बोट धरून गेली वाटते. बरं झालं. एकटी होती इतके दिवस." मग उठली, पदर खोचला, आणि दादाला म्हणाली, घर विका.

तेव्हा बोलायला काय झालं होतं? एक वाक्य. ताई, ते मी काढलं. पण मामा होते, दादा होता, माझी बायको दारात उभी होती. आणि — हेही सांगूनच टाकतो — घर विकलं जाणार होतं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

त्या दिवसापासून ताई समोरच्या खोलीत झोपली नाही. अंगणात बाज टाकली. तेरवी झाली तशी एक ट्रंक आणि एक गाठोडं घेऊन निघाली. दुर्गला जुन्या बाजाराच्या मागे तिनं खोली घेतली. माझ्याकडे ये म्हटलं, दादानंही म्हटलं. म्हणाली, नको, आता कुणाची राखण कराची नाही, एकटी राहते.

घराची किल्ली गिऱ्हाइकाला द्यायला मीच गेलो. महिनाभर बंद होतं. भर दुपार, बाहेर उन्हानं डोळे दिपत होते. कुलूप काढलं तर सगळीकडे ती धूळ, अगदी सारखी बसलेली, कुठे एक ओरखडा नाही. पावलं? नाही, पावलं नव्हती. तुम्ही तेच विचाराल म्हणून सांगतो. मी प्रत्येक खोली पाहिली, नव्हती. फक्त समोरच्या खोलीत, जिथे ताईची बाज असायची, त्या कोपऱ्यात एक जागा स्वच्छ होती. टोपलीएवढी. तिथे धूळ बसलीच नव्हती. फरशी चकचकीत, नुकती पुसल्यासारखी. एखादं लहान मूल भिंतीला टेकून बसलं तर जेवढी जागा अडवेल तेवढी.

वारा येत असेल खिडकीच्या फटीतून. छताचं काही पाझरलं असेल. मी फट शोधली. सापडली नाही. वाकून हात लावला तर बाकीची फरशी गार आणि तेवढीच जागा कोमट. ऊन त्या कोपऱ्यात येत नाही. मग मी काय केलं? झाडू घेतला आणि सगळं घर झाडून काढलं, म्हणजे तो कोपरा वेगळा दिसणार नाही. गिऱ्हाईक आलं, म्हणालं, अरे भाईसाब, आपने क्यों तकलीफ की. मी किल्ली दिली आणि मागे न बघता स्कूटर काढली.

आता तिथे गोदाम आहे. पोत्यांच्या थप्प्या लागल्यात, त्या कोपऱ्यातही लागल्या असतील. मी त्या रस्त्यानं जात नाही.

पहिलं वर्ष ताई बरी होती. खरंच बरी होती. शेजारच्या बायकांबरोबर बाजारात जायची, पापड लाटायची. मलाही वाटायला लागलं, झालं ते बरंच झालं, खोट्यानं का होईना, बाईची त्या घरातून सुटका झाली. आपण केलेल्या पापाला पुण्याचा मुलामा चढवायला किती वेळ लागतो? मला वर्ष पुरलं.

मग एका रविवारी मी भाजी घेऊन गेलो, तर तिनं दारातच विचारलं, "काऊन रे, त्या दिवशी पिठात बाबाचं पाऊल कुठं होतं?"

मी म्हटलं, कोणत्या दिवशी?

"एकच होतं ना पाऊल? तिचंच होतं. बाबाचं नोहोतं. मंग ती एकटीच बाहेर गेली का?"

ती माझ्याकडे बघतही नव्हती. म्हणाली, "समोर टरक जाऊन राहते. एवढं लेकरू. मी घर सोडून इकडं आली, अन् ती मले पाहाले परत आली असन तर? तिले इथला पत्ता कोण सांगन?"

त्या संध्याकाळपासून ती उंबऱ्याशी पीठ पसरते. रोज. दिवेलागणीला चाळणीनं तांदळाचं पीठ, सकाळी उठून बघायचं, मग झाडून टाकायचं. शेजारचे आधी कुजबुजायचे, आता सवय झाली. रांगोळी म्हणतात. मी जातो तेव्हा ती आतून सांगते, "पाय नको ठेवू रे." मी ओलांडून जातो. पीठ नेहमी कोरं असतं. अगदी सारखं, कोरं. येताना-जाताना मला ते बघावंच लागतं.

मागच्या हिवाळ्यात एकदा ती आत चहा ठेवत होती आणि मी उंबऱ्याशी चपला घालत होतो. संध्याकाळचं पीठ नुकतंच पसरलं होतं. माझ्या मनात आलं, एक पाऊल. आत येणारं. मूठ टेकवायची, बोटं टेकवायची, करंगळी आपोआप सुटेल. सकाळी ती बघेल. तिची वाट बघणं संपेल. दोन सेकंदांचं काम. मी वाकलो, मूठ वळली. आणि अंगावर असा काटा आला की मूठ उघडेचना. तसाच वळलेल्या मुठीनं स्टेशनपर्यंत चालत गेलो.

का उघडेना? ते सांगायलाच तर बसलोय. इथपर्यंत जे सांगितलं ते मी मनात कितीदा घोळवलेलं आहे. कधी सांगायची वेळ आलीच तर एवढंच सांगायचं, असं ठरवून ठेवलेलं. बोटाची गोष्ट खरी आहे, पाऊल मी काढलं हेही खरं. पण मघाशी मी म्हणालो, हातानं पीठ सारखं केलं. तुम्ही वाचून पुढे गेलात. चाळणीनं पसरलेलं पीठ सारखंच असतं. मग मी सारखं काय केलं?

आणि पाऊलच का काढलं? दिव्यात तेल घालायला गेलो तेव्हा पावलाचं माझ्या डोक्यातही नव्हतं. म्हाताऱ्या माणसाची खूण म्हणून बोटानं एखादी रेघ दाराकडे ओढायची, एवढंच ठरवलं होतं. मामांनी त्यातून काय ते काढलं असतं.

मी टोपली उचलली तेव्हा पिठात आधीच खूण होती. टोपली घालून तासही झाला नव्हता. मामांनी पीठ पसरलं तेव्हा आम्ही सगळे बघत होतो, कोरं होतं. उंदीर असेल, झुरळ असेल, टोपलीची काडी गळून पडली असेल — वर्षानुवर्षं मी स्वतःला हे सांगत आलो. पण काडीला टाच नसते. लिंबाएवढी टाच होती, हलकीच टेकलेली. पुढे अंगठा, मग तीन बोटं. करंगळीची जागा कोरी होती. तेव्हा मी माझा हात पिठाला लावलेला नव्हता.

मी ते बघितलं. वरण-भात वाढल्याचे आवाज येत होते आणि मी गुडघ्यांवर बसून ते बघत होतो. ते कुणाचं आहे हे मला कळलं नाही, एवढंच खरं. पण ते कुठे चाललंय हे कळलं. त्याची पाठ दाराकडे होती. बोटं आत होती, ताई रात्री जिथे उशाशी हात घेऊन झोपायची त्या कोपऱ्याकडे. म्हणजे घर राहणार होतं, ताई राहणार होती, आणि माझा फ्लॅट जाणार होता. मी एवढंच बघितलं. उजवा तळहात ठेवला आणि ते पुसून टाकलं. पीठ कोमट होतं. दिव्याजवळ असल्यामुळे असेल. मग मी तसंच दुसरं काढलं, उलटं. जसंच्या तसं, फक्त दाराकडे तोंड करून.

ताई म्हणायची, घर एकटं हाय. ताई आता रोज उंबऱ्याशी पीठ पसरते आणि विचारते, तिला रस्ता सापडेल का. चिमी कुठे गेलेली नाही, हे जगात फक्त मला माहीत आहे. ती त्या संध्याकाळी आत येत होती.